अल्पव्ययी रहस्यपट : हॉलिवूडचे बंद घर आणि मुंबईची धावती गाडी

मुंबईहून उत्तरेकडे निघालेला लोहमार्ग वैतरणा ओलांडून पालघर, बोईसर, सरावली या टापूतून गुजरातेकडे जातो. १ सप्टेंबर १९२८ रोजी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने याच मार्गाने थेट पेशावरपर्यंत जाणारी फ्रंटियर मेल सुरू केली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क येथे ‘लाइट्स ऑफ न्यूयॉर्क’ हा आरंभापासून अखेरपर्यंत बोलणारा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट प्रदर्शित झाला. या दोन घटनांचा परस्परांशी कोणताही संबंध नव्हता. तथापि आठ वर्षांनी, १९३६ साली, मुंबईच्या वाडिया मूव्हिटोन या संस्थेने त्या गाडीचेच नाव आपल्या नायिकेस देऊन ‘मिस फ्रंटियर मेल’ हा बोलपट काढला. त्यात एक खून आहे, निरपराध माणसावर आलेला आळ आहे आणि शेवटपर्यंत बुरख्याआड राहणारा गुन्हेगार आहे. म्हणजे हॉलिवूडच्या स्वल्प खर्चाच्या रहस्यपटाची बहुतेक सामग्री त्यात आहे. परंतु त्याचे रूप मात्र त्या रहस्यपटाहून सर्वस्वी निराळे आहे.

हे निराळेपण कोठून आले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अशा चित्रपटांविषयी अभ्यासकांत दोन समज रूढ आहेत. पैसा कमी म्हणून कलाही कमी, हा पहिला. आणि मुंबईचे साहसपट म्हणजे अमेरिकन चित्रपटांच्या पडछाया, हा दुसरा. दोन्ही समज तपासून पाहण्याजोगे आहेत. पैशाची चणचण ही केवळ उणीव नसते. ती रूप घडविणारी शक्तीही असते. आणि चणचण ज्या प्रकारची असेल त्या प्रकारचे रूप ती घडविते. हॉलिवूडमध्ये ती वेळेची होती, मुंबईत ती यंत्रांची व भाषेची होती. म्हणून तेथे खुनाची कथा घराच्या चार भिंतींत शिरली आणि येथे ती गाडीच्या टपावर चढली.

१. ध्वनी आणि खुनाची कथा

मूकपटाला खुनाची कथा वर्ज्य नव्हती. तथापि खुनाचा तपास त्याला अवघड जात असे. तपास म्हणजे मुख्यतः प्रश्न आणि उत्तरे. साक्षीदाराने सांगितलेली हकीकत, तिच्यातील विसंगती, एखाद्याची अडखळलेली जीभ, या गोष्टी पडद्यावरील लेखी पाट्यांतून दाखवू लागल्यास प्रेक्षकाचे चित्रपट पाहणे थांबते आणि वाचन सुरू होते. म्हणून मूकपटाने खुनापेक्षा पाठलाग अधिक पसंत केला.

ध्वनी आल्यावर ही अडचण नाहीशी झाली. नव्हे, तीच सोय ठरली. आरंभीच्या काळात ध्वनिग्राहक एका जागी दडवून ठेवावा लागे, नटांना त्याच्या आसपासच उभे राहून बोलावे लागे, आणि कॅमेऱ्याची घरघर मुद्रित होऊ नये म्हणून तो बंद पेटीसारख्या खोलीत ठेवलेला असे. अशा स्थितीत ज्या कथेत माणसे एका दालनात जमून एकमेकांकडे संशयाने पाहत बोलत राहतात, ती कथा यंत्राच्या मर्यादेत सहज बसणारी होती. पहिल्या दोन संपूर्ण बोलपटांचे विषय या दृष्टीने लक्षणीय आहेत. वॉर्नर बंधूंच्या ‘लाइट्स ऑफ न्यूयॉर्क’मध्ये रात्रगृहाच्या मालकाचा खून होतो आणि तो कोणी केला हा प्रश्न अखेरीस सुटतो. या सत्तावन्न मिनिटांच्या चित्रपटाला सुमारे तेवीस हजार डॉलर खर्च आला आणि उत्पन्न दहा लाखांवर गेले, असा त्याचा हिशेब नमूद आहे. त्याच संस्थेचा त्याच वर्षी आलेला दुसरा संपूर्ण बोलपट ‘द टेरर’ हा एडगर वॉलेस यांच्या नाटकावर आधारलेला रहस्यपट होता. त्यात पडद्यावर एकही अक्षर नव्हते; नटांची व तंत्रज्ञांची नावेसुद्धा बोलून सांगितलेली होती. ‘द टेरर’ आज हरवलेल्या चित्रपटांत मोडतो.

या कथांसाठी रंगभूमीचा साचाही तयारच होता. मेरी रॉबर्ट्‌स राइनहार्ट व एव्हरी हॉपवुड यांचे ‘द बॅट’ हे १९२० चे आणि जॉन विलर्ड यांचे ‘द कॅट अँड द कॅनरी’ हे १९२२ चे नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर गाजलेले होते. जुने घर, वादळी रात्र, मृत्युपत्राच्या वाचनासाठी किंवा अन्य निमित्ताने जमलेली माणसे आणि त्यांच्यातच लपलेला गुन्हेगार, असा तो साचा. नाटकाला एकच देखावा पुरतो. जे नाटकाला पुरते तेच अल्पव्ययी बोलपटालाही पुरले.

२. दारिद्र्य-आळीचे अर्थकारण

हॉलिवूडमधील गोवर स्ट्रीटच्या परिसरात लहान निर्मात्यांची कार्यालये दाटीने वसलेली होती. त्या वस्तीला ‘पॉव्हर्टी रो’, म्हणजे दारिद्र्य-आळी, असे टोपणनाव पडले. पुढे ते अशा सर्वच लहान संस्थांना लागू झाले. मोनोग्राम, टिफनी, मॅजेस्टिक, मेफेअर, चेस्टरफील्ड, इन्व्हिन्सिबल ही त्यांतील काही नावे. यांच्यापाशी स्वतःची चित्रगृहे नव्हती, आणि बहुतेकांपाशी स्वतःचा चित्रशाळेचा पसाराही नव्हता. चेस्टरफील्ड व इन्व्हिन्सिबल या भगिनीसंस्था युनिव्हर्सलची जागा भाड्याने घेऊन चित्रण करीत. मॅजेस्टिकचा ‘द व्हँपायर बॅट’ हा १९३३ चा चित्रपट याचे उत्तम उदाहरण आहे. युनिव्हर्सलने ‘फ्रँकेन्स्टाइन’साठी उभारलेले गाव आणि ‘द ओल्ड डार्क हाउस’साठी उभारलेली दालने त्याने वापरली. मोठ्या संस्थेचे काम संपल्यावर, रात्रीच्या वेळी, लहान संस्था त्या देखाव्यांत शिरत असे. पडद्यावरील भव्यता ही अशी उसनी होती.

तथापि खरे कारण आणखी खोल आहे. १९२९ च्या आर्थिक मंदीनंतर अमेरिकन चित्रगृहांचे प्रेक्षक घटले. ते परत आणण्यासाठी एका तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याची प्रथा पसरली. पहिला चित्रपट मोठ्या नटांचा. दुसरा त्याच्या जोडीला लावलेला. पहिल्याचे भाडे गल्ल्याच्या टक्केवारीवर ठरे, दुसऱ्याला मात्र ठरावीक रक्कम मिळे. चित्रगृह भरले काय किंवा ओस पडले काय, दुसऱ्या चित्रपटाच्या निर्मात्याच्या हाती येणारी रक्कम तीच. चित्रपट चांगला केल्याने उत्पन्न वाढत नाही, अशा व्यवहारात नफ्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खर्च कमी करणे. आणि चित्रपटाच्या धंद्यात खर्च म्हणजे मुख्यतः दिवस. भाड्याच्या जागेत एकेक दिवस वाचविणे हाच खरा उद्योग झाला, आणि आठवडा-दीड आठवड्यात पुरे होणारे चित्रपट ही नित्याची बाब ठरली.

दिवस वाचविण्यास खुनाच्या रहस्याइतका अनुकूल विषय दुसरा नाही. देखावे थोडे लागतात, अंधार हवाच असल्याने प्रकाशयोजनेवर खर्च होत नाही, गर्दी लागत नाही, आणि कथेचा काळ एका रात्रीचा असल्याने वेशभूषाही बदलावी लागत नाही. मोनोग्रामचा १९३२ मधील ‘द थर्टीन्थ गेस्ट’ पाहावा. तेरा वर्षे कुलूपबंद राहिलेल्या घरात नायिका येते. त्या घरात पूर्वी झालेल्या मेजवानीला तेरावा पाहुणा आलेला नसतो. आणि आता एकामागून एक माणसे मरून त्याच जेवणाच्या टेबलाशी, आपापल्या जुन्या जागी बसविलेली आढळतात. म्हणजे अख्खे रहस्य एका टेबलाभोवती उभे आहे. ही कल्पना काटकसरीतून निघाली की भीतीच्या जाणिवेतून, हे वेगळे काढता येत नाही. दोन्ही एकच होऊन गेल्या आहेत. त्याच दिग्दर्शकाने, अल्बर्ट रे यांनी, जिंजर रॉजर्स व लाइल टॅल्बट याच जोडीला घेऊन पुढील वर्षी ‘अ श्रीक इन द नाइट’ काढला. तेथे जुन्या घराच्या जागी अनेक बिऱ्हाडांची इमारत आली. परंतु बंद जागा, थोडी माणसे आणि भरपूर बोलणे हे सूत्र तेच राहिले.

३. आवाज हाच पुरावा

येथपर्यंतच्या विवेचनावरून असे वाटेल की, या चित्रपटांत बोलणे हे केवळ स्वस्त पडते म्हणून आले. वस्तुतः त्यांच्यापैकी काहींनी या बोलण्यालाच रहस्याचे मूळ बनविले, आणि हा या प्रकाराचा सर्वांत विचारार्ह विशेष होय.

१९२९ मधील पॅरामाउंटचा ‘द कॅनरी मर्डर केस’ हा काही दारिद्र्य-आळीतील चित्रपट नव्हे. परंतु वाट त्याने दाखविली. एस. एस. व्हॅन डाइन यांच्या १९२७ च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. त्यातील खुनी आपण निर्दोष असल्याचा भास ध्वनितबकडीच्या साहाय्याने निर्माण करतो. बंद दाराआडून स्त्रीचा आवाज ऐकू येतो, म्हणून ती जिवंत आहे असे बाहेरच्यांना वाटते; प्रत्यक्षात ती आधीच मेलेली असते. हा चित्रपट प्रथम मूकपट म्हणून चित्रित झाला होता. त्याला आवाज देण्याचे ठरले तेव्हा प्रमुख भूमिकेतील लुईज ब्रुक्स यांनी पुन्हा कामावर येण्यास नकार दिला, आणि त्यांच्या मुखी मार्गारेट लिव्हिंग्स्टन यांचा आवाज घालण्यात आला. कथेत जी फसवणूक खुनी करतो, जवळजवळ तीच चित्रशाळेनेही केली.

मोनोग्रामने १९३३ मध्ये, फिल रोझेन यांच्या दिग्दर्शनाखाली, हीच कल्पना दोन चित्रपटांत दोन बाजूंनी मांडली. ‘द स्फिंक्स’मध्ये खुनाच्या जागेवरून निघालेला माणूस साक्षीदाराशी स्पष्ट बोललेला असतो, परंतु न्यायालयात आरोपी जन्मजात मुकाबहिरा असल्याचे सिद्ध होते. चेहरा तोच, आवाज मात्र अशक्य. उलगडा अर्थातच एकसारख्या दिसणाऱ्या दोन भावांत आहे. ‘द फँटम ब्रॉडकास्ट’मध्ये नभोवाणीवरील लोकप्रिय गायकाचा आवाज वस्तुतः त्याच्या कुबड असलेल्या साथीदाराचा असतो, आणि त्या गायकाचा खून होतो. पहिल्यात देह आहे पण आवाज नाही. दुसऱ्यात आवाज आहे पण देह दुसऱ्याचा आहे.

हे योगायोगाने घडले असे म्हणता येणार नाही. ज्या प्रेक्षकांनी नुकतेच पडद्यावरील छायेला बोलताना ऐकले होते, त्यांच्या मनात ‘हा आवाज खरोखर याचाच काय?’ हा प्रश्न ताजा होता. नभोवाणी, तबकडी आणि दूरध्वनी यांनी आवाज देहापासून वेगळा केलेलाच होता. ‘द थर्टीन्थ गेस्ट’मधील माणसे दूरध्वनीचे यंत्र हाती घेताच विजेच्या धक्क्याने मरतात, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या यंत्राने परक्याचा आवाज घरात आणला तेच यंत्र तेथे मृत्यू आणते. गरीब निर्मात्यापाशी देखावे नव्हते, नामवंत नट नव्हते. परंतु नव्या साधनाविषयीची जनसामान्यांची ही अस्वस्थता त्याने अचूक हेरली. मोठ्या चित्रशाळांनी ध्वनीचा उपयोग शोभेसाठी केला, तेव्हा या चित्रपटांनी ध्वनीवरच संशय घेतला.

या स्वतंत्र संस्थांचे दिवस फार टिकले नाहीत. १९३५ मध्ये चित्रफितींच्या रासायनिक प्रक्रियेची प्रयोगशाळा चालविणाऱ्या हर्बर्ट येट्‌स यांनी मोनोग्राम, मॅस्कट व आणखी काही लहान संस्था एकत्र आणून रिपब्लिक ही संस्था उभी केली. मोनोग्राम पुढे १९३७ मध्ये पुन्हा वेगळी झाली. तोवर मोठ्या चित्रशाळांनीही आपापले दुय्यम विभाग उघडले होते आणि रहस्यपट मालिकांच्या स्वरूपात तेथे गेला होता.

४. मुंबईतील परिस्थिती

आता मुंबईकडे वळू. खुनाची कथा मुंबईच्या पडद्याला अपरिचित नव्हती. जानेवारी १९२५ मध्ये मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला आणि त्या प्रकरणाने इंदूरच्या गादीपर्यंत हादरा दिला. त्याच वर्षी कोहिनूर फिल्म कंपनीने होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली त्या प्रकरणावर बेतलेला ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला. म्हणजे वृत्तपत्रातील खून पडद्यावर आणण्याची चपळाई येथील निर्मात्यांत होती. असे असताना बोलपट आल्यावर बंद घरातील खुनाचा तपास येथे का रुजला नाही?

पहिले कारण ध्वनिमुद्रणाचे. १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’चे चित्रण मुख्यतः रात्री करावे लागले, कारण चित्रशाळेलगतच्या लोहमार्गावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज दिवसा मुद्रणात येई. रात्रीची शांतता ही येथे कथेची गरज नव्हती, यंत्राची होती. अशा कष्टाने मिळविलेल्या शांततेत मुद्रित करावयाचे ते काय? निर्मात्यांनी उत्तर दिले : गाणे. १९३२ मधील मादन थिएटर्सच्या ‘इंद्रसभा’त सुमारे सत्तर गाणी होती. पारशी आणि मराठी संगीत रंगभूमीवर वाढलेल्या प्रेक्षकाला ध्वनीचा अर्थ प्रथम संगीत असाच वाटला. गाणे आणि संशय यांचे मात्र सहसा जमत नाही. संशयाला अखंड ताण लागतो; गाणे ताण सोडविते.

दुसरे कारण भाषेचे. अमेरिकन रहस्यपट हा एका भाषेच्या, बहुतांशी साक्षर प्रेक्षकांपुढे चालत असे. मुंबईचा बोलपट पंजाबपासून कर्नाटकापर्यंत फिरावयाचा असे. साक्षीतील एखादा शब्द चुकणे, उत्तरातील बारीक विसंगती, यांवर उभारलेले रहस्य अर्ध्या प्रेक्षकांच्या डोक्यावरून जाण्याचा धोका होता. उलट धावणे, उडी, मारामारी यांना भाषा लागत नाही.

तिसरे कारण व्यवहाराचे. येथे दोन चित्रपटांचा जोड-कार्यक्रम हा नियम नव्हता. एक दीर्घ बोलपट हाच संपूर्ण खेळ असे, आणि तो चालला तर आठवड्यांमागून आठवडे चाले. म्हणजे चांगल्या चित्रपटाचे उत्पन्न वाढण्यास येथे वाव होता. १९३५ मधील वाडिया मूव्हिटोनच्या ‘हंटरवाली’ला सुमारे ऐंशी हजार रुपये खर्च आला आणि सहा महिन्यांवर वेळ लागला, असे सांगितले जाते. रुपयाचा दर त्या काळी एक शिलिंग सहा पेन्स असा बांधलेला होता. त्या हिशेबाने ही रक्कम तीस हजार डॉलरच्या आसपास येते. म्हणजे रक्कम ‘लाइट्स ऑफ न्यूयॉर्क’च्या खर्चापासून फार दूर नाही. परंतु तेवढ्या रकमेत हॉलिवूडच्या गरीब निर्मात्याला काही दिवस मिळत, तर मुंबईच्या निर्मात्याला काही महिने मिळत. तेथे श्रम महाग आणि वेळ तुटपुंजा. येथे श्रम स्वस्त, वेळ विपुल, आणि उन्हाला तर मोलच नाही. म्हणून तेथील काटकसर घरात कोंडली गेली आणि येथील काटकसर उघड्यावर आली. तिची किंमत मात्र नटांच्या देहांनी मोजली, कारण उंचावरून मारावयाची उडी खरोखरच मारावी लागे.

५. ‘मिस फ्रंटियर मेल’

वाडिया मूव्हिटोनची स्थापना १९३३ मध्ये झाली. जमशेद वाडिया हे इंग्रजी साहित्याचे पदवीधर व कायद्याचे अभ्यासक. डग्लस फेअरबँक्स यांच्या साहसपटांचे ते चाहते होते. त्यांचे धाकटे बंधू होमी हे दिग्दर्शक. परळ येथील लवजी कॅसल या पूर्वजांच्या वास्तूत त्यांची चित्रशाळा होती. हीच वास्तू १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांच्याकडे गेली आणि राजकमल कलामंदिर म्हणून मराठी चित्रपटाच्या इतिहासात नोंदली गेली. वाडियांची प्रमुख नटी नादिया, मूळ नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स, हिचा जन्म १९०८ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला व लहानपणीच ती मुंबईस आली. तिचे हिंदुस्थानी उच्चार परके वाटत. संवादावर उभा राहणारा रहस्यपट तिच्याकडून करून घेणे कठीणच होते. परंतु शरीराने बोलणारा चित्रपट ती सहज पेलू शकली.

‘मिस फ्रंटियर मेल’चे कथानक थोडक्यात असे. रेल्वेच्या एका स्थानकावर खून होतो आणि त्याचा आळ नायिका सविता हिच्या वडिलांवर येतो. खऱ्या गुन्ह्यामागे ‘सिग्नल एक्स’ या नावाने वावरणारा बुरखाधारी आणि त्याची टोळी आहे. विमानवाहतुकीच्या हितासाठी रेल्वेची बदनामी व्हावी, म्हणून गाड्या व पूल उडविण्याचा त्यांचा डाव आहे. सविता वडिलांची निर्दोषता सिद्ध करण्याचे काम अंगावर घेते, धावत्या गाडीच्या टपावर गुंडांशी झुंजते आणि अखेर बुरख्याआडचा प्रतिष्ठित चेहरा उघड होतो.

या कथेत तपास कोण करते, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकन अल्पव्ययी रहस्यपटातही पोलीस बहुधा मंदबुद्धी दाखविलेला असतो आणि उलगडा वृत्तपत्राच्या बातमीदाराकडून होतो. ‘अ श्रीक इन द नाइट’मध्ये तर दोन बातमीदारांतच चढाओढ आहे. येथे बातमीदाराची जागा मुलीने घेतली आहे. परकीय राजवटीत कायद्याचा चेहरा हा सरकारचा चेहरा होता. त्याला नायक करणे निर्मात्याला रुचले नसावे, असे अनुमान करता येते. सत्य शोधण्याचे काम कुटुंबाकडे आले, आणि कुटुंबातही मुलीकडे.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. सवितेचा भाऊ जयंत हा हौशी चित्रणकार आहे. त्याच्यापाशी छोटा चलच्चित्र-कॅमेरा आहे. टोळीच्या पूल उडविण्याच्या कृत्याचे चित्रण त्या कॅमेऱ्यात होते आणि ती चित्रफीत पुरावा बनते. येथे दोन परंपरांतील भेद एका ठिकाणी स्पष्ट होतो. हॉलिवूडच्या बंद घरात आवाज हा पुरावा होता, आणि तो संशयास्पद पुरावा होता. मुंबईच्या उघड्या लोहमार्गावर चित्र हा पुरावा आहे, आणि तो निःसंशय पुरावा आहे. एकाने नव्या यंत्राविषयीची शंका मांडली. दुसऱ्याने यंत्रावरील विश्वास मांडला. ‘आलम आरा’च्या वेळी ज्या गाडीच्या आवाजाने चित्रण थांबत असे, ती गाडी पाच वर्षांत मुंबईच्या बोलपटाची नायिका झाली, ही गोष्टही त्या विश्वासाचीच द्योतक आहे.

६. उसनवारीचा प्रश्न

मग हे सर्व अमेरिकेतून उचललेले नव्हे काय? बुरखाधारी गुन्हेगाराचे मूळ शोधू गेल्यास ते बोलपटापूर्वीच्या अमेरिकन मालिकापटांत सापडते. १९१४ मधील ‘द एक्सप्लॉइट्‌स ऑफ इलेन’मध्ये ‘क्लचिंग हँड’ या नावाचा अज्ञात खलपुरुष होता, आणि अशा मालिका मूकपटांच्या काळात मुंबईच्या चित्रगृहांत आवडीने पाहिल्या जात. अधिक जवळचे साम्य मॅस्कटच्या १९३२ मधील ‘द हरिकेन एक्सप्रेस’ या बारा भागांच्या मालिकेशी आहे. तीत जॉन वेन नायक आहेत. ‘रेकर’ नावाचा अज्ञात घातपाती रेल्वेगाड्या उलथवितो. नायकाचा पिता अशाच अपघातात मरतो. आणि रेल्वे व विमान यांची स्पर्धा कथेत आहे.

हे साम्य ठळक आहे. परंतु साम्य म्हणजे उसनवारीचा पुरावा नव्हे. रेल्वे व विमान यांची स्पर्धा हा त्या दशकातील खराखुरा विषय होता. टाटांची कराची-मुंबई हवाई टपाल १९३२ च्या ऑक्टोबरातच सुरू झाली होती. शिवाय वाडिया बंधूंनी १९३२ मध्येच ‘तुफान मेल’ हा मूकपट काढला होता. रेल्वेचा विषय त्यांच्या हाती बोलपटाच्या आधीपासून होता. आणि समजा साचा बाहेरून आला, तरी फरकाचा प्रश्न उरतोच. ‘द हरिकेन एक्सप्रेस’मध्ये पित्याचा सूड घेणारा पुत्र आहे; ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये जिवंत पित्याची अब्रू राखणारी कन्या आहे. पहिल्याचा विषय सूड, दुसऱ्याचा विषय लौकिक. साचा उचलता येतो. त्यात काय ओतावयाचे हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

येथील निर्मात्यांना दुसऱ्या मार्गाची जाणीव नव्हती, असेही नाही. त्याच वाडिया मूव्हिटोनने १९३७ मध्ये ‘नौजवान’ हा गाण्याविना बोलपट काढून पाहिला. भारतातील पहिला गीतविरहित बोलपट म्हणून त्याचा उल्लेख होतो. तो प्रयोग रूढ झाला नाही. गाण्याशिवाय खुनाची कथा सांगण्याचा मान मुंबईत पुढे १९६० मधील बी. आर. चोप्रा यांच्या ‘कानून’ला मिळाला, आणि एक घर, एक रात्र, एक प्रेत हे सूत्र १९६९ मधील यश चोप्रा यांच्या ‘इत्तफाक’मध्ये आले. ‘इत्तफाक’ही गाण्यांविना आहे, रंगभूमीवरील नाटकावर आधारलेला आहे आणि अत्यल्प दिवसांत पुरा झालेला आहे. म्हणजे दारिद्र्य-आळीत ज्या तीन अटींनी बंद घराचा रहस्यपट घडविला त्या तीनही अटी मुंबईत एकत्र आल्या तेव्हाच तो रहस्यपट येथे अवतरला. मधली तीन दशके त्याची वाट कोणी अज्ञानाने अडविली नव्हती.

७. समारोप

या विवेचनातून अभ्यासकांसाठी एक पद्धतिविषयक निष्कर्ष निघतो. स्वस्त चित्रपटाचे मूल्यमापन करताना तो महाग चित्रपटाहून कोठे उणा पडतो, एवढेच पाहिल्याने हाती काही लागत नाही. त्याला कोणती गोष्ट परवडत नव्हती आणि तिच्या अभावी त्याने काय शोधले, हे पाहिले पाहिजे. हॉलिवूडच्या लहान निर्मात्याला देखावे परवडत नव्हते. त्याने अदृश्य आवाजाचे भय शोधले. मुंबईच्या निर्मात्याला संवादावर विसंबणे परवडत नव्हते. त्याने धावत्या गाडीवरची स्त्री शोधली.

ही गोष्ट केवळ तात्त्विक नाही. मराठी चित्रसमीक्षेने प्रभातच्या संतपटांना व सामाजिक चित्रपटांना जो आदर दिला तो योग्यच आहे. परंतु ज्या चित्रपटांना आदर मिळत नाही ते जपलेही जात नाहीत. अमेरिकेत दारिद्र्य-आळीतील अनेक चित्रपटांच्या स्वामित्वहक्काचे अठ्ठावीस वर्षांनी नूतनीकरण कोणी केले नाही. ते सर्वांसाठी खुले झाले, दूरचित्रवाणीवर फिरत राहिले आणि झिजलेल्या प्रतींच्या रूपाने का होईना, वाचले. भारतात असे घडले नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झाले तोवर पुष्कळशा चित्रफिती नाहीशा झालेल्या होत्या. खुद्द ‘आलम आरा’ची एकही प्रत ज्ञात नाही. १९३० नंतरच्या दशकातील साहसपटांपैकी पुष्कळांची आज केवळ नावे, जाहिराती आणि पुस्तिका उरल्या आहेत. ‘मिस फ्रंटियर मेल’ वाचला तो मुख्यतः वाडिया कुटुंबाने जपल्यामुळे.

१९९६ मध्ये नादिया निवर्तली आणि त्याच वर्षी फ्रंटियर मेलचे नाव बदलून गोल्डन टेंपल मेल असे झाले. पालघर-बोईसरच्या मार्गावरून ती गाडी पुढेही नव्या नावाने धावत राहिली. गाडीचे जुने नाव वेळापत्रकातून गेले. त्या नावाने जगलेली नायिका मात्र एका चित्रफितीत शिल्लक आहे. अशा आणखी किती नायिका कोणत्या डब्यांत कुजत पडल्या असतील, याचा शोध घेणे हे चित्रपटाच्या इतिहासकाराचे काम आहे. आणि त्या शोधाला निघण्यापूर्वी ‘हलका चित्रपट’ या शब्दप्रयोगाचा हिशेब एकदा चुकता करणे इष्ट होईल.